बर्फ न पाहिलेल्या बाई

विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात जागा एकच होती आणि मुलाखत घ्यायला बसले होते डॉ. रणदिवे. लंडनला दोन वर्षं काय राहून आले, इंग्रजी साहित्य जणू त्यांच्याच परसात पिकत होतं! समोर बसली होती चंद्रपूरची प्रणिता गेडाम.

"बर्फ पाहिलाय कधी?" त्यांनी विचारलं.

"गोळ्याच्या गाडीवर, सर."

"मग हिमवर्षावाच्या कविता काय कपाळ शिकवणार? अनुभव लागतो, बाई, अनुभव!"

प्रणिता नम्रपणे म्हणाली, "सर, शोकांतिकेतला नायकाचा मृत्यू तुम्ही फार रंगवून शिकवता म्हणे. तोही स्वानुभवावरूनच का?"

शेजारी बसलेल्या कुलगुरूंना हसता हसता चहाचा ठसका लागला.

जुलैत वर्ग भरले आणि घामाघूम पोरांसमोर बर्फ भुरभुरू लागला. शिकवत होत्या प्रा. प्रणिता गेडाम.