वीतभर कमी फेटा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मी तेव्हा नव्हतो आणि जे होते ते आता सांगायला नाहीत. एका ओढ्याच्या अल्याड एक राजा होता, पल्याड दुसरा. दोघांचं छान चाललं होतं, आणि दोघांनाही करायला काही काम नव्हतं.

पल्याडच्या राजानं मुलीचं लग्न काढलं. अल्याडचा राजा गेला, तुडुंब जेवला, मानाचा फेटा बांधून घरी आला. आल्यावर त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यानं फेटा सोडून हातानं मोजला. नेहमीच्या फेट्यापेक्षा तो वीतभर कमी भरला!

राजानं निरोप धाडला, "आमचा अपमान झाला."

पल्याडून उत्तर आलं, "डोक्याच्या मापाचा दिला होता."

झालं! रणशिंगं वाजली.

आता त्या मुलखात एक रीत होती. तलवार उपसण्याआधी दोन्ही फौजांच्या मधोमध डफ वाजवून लढाईचं कारण सांगायचं. फौजांनी तीनदा "रास्त आहे!" म्हटलं, की मगच कापाकापी. डफाचा मान तानूबाईकडे होता. म्हातारी, पण गळा खणखणीत. दर वेळी अल्याडचा प्रधान तिला शिकवून ठेवी, "राज्याच्या अब्रूसाठी!" तेवढ्यावर फौजा गर्जत. अब्रू कुणाची, ती गेली कुठं, हे कुणी विचारत नसे.

या खेपेला मात्र तानूबाईचा मुलगा अल्याडच्या फौजेत भाला घेऊन उभा होता आणि जावई पल्याडच्या.

"कुणीही जिंको, रडायचं मलाच आहे," ती प्रधानाला म्हणाली. "खरं कारण सांगा, नाहीतर डफाला हात लावायची नाही."

प्रधानानं इकडंतिकडं पाहून तिच्या कानात सांगितलं. म्हातारी आधी हबकलीच. मग असा राग आला तिला, की पदर खोचून ती तरातरा ओढ्याकडे निघाली.

"ऐका हो ऐका!" डफ कडाडला. "फेटा आला, बांधला, सोडला, मोजला! कमी भरला किती? वीतभर! त्या वीतभर कापडापायी माझा लेक आज माझ्या जावयाला भोसकणार आहे. बोला, रास्त आहे?"

मागच्या रांगेत एकजण फिस्सकन हसला. शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं आणि तोही हसला. माहूत हत्तीवर बसल्याबसल्या हसला, पलीकडचे तिरंदाज पोट धरून बसले. "रास्त आहे" म्हणायला तोंड उघडावं, तर हसूच बाहेर पडे.

अल्याडचा राजा लालबुंद झाला. "गप्प करा तिला! आम्हाला आमची वीत मिळालीच पाहिजे!"

"मिळेल की, महाराज," म्हणत तानूबाईचा मुलगा पुढे आला. त्यानं डोक्याच्या मुंडाशातली वीतभर पट्टी टर्रकन फाडली. "ही माझी घ्या. जीव तेवढा राहू द्या."

जावई ओढा ओलांडून आला आणि त्यानंही आपली वीत दिली. मग काय विचारता! दोन्हीकडचे शिपाई रांगा लावून पट्ट्या फाडू लागले. एकेक पट्टी फेट्याला जोडत तो राजाच्या डोक्यावर मोठ्या सन्मानानं बांधायला घेतला. दुपार झाली तरी बांधणं संपेना. फेटा रांजणाएवढा झाला आणि त्याच्या ओझ्यानं राजा कमरेत वाकला. पल्याडच्या राजाला वाटलं, हा आपल्याला मुजरा करतोय. त्यानंही घाईघाईनं वाकून मुजरा केला.

"भरली का वीत, महाराज?" तानूबाईनं विचारलं.

"भरली, भरली! काढा हो आधी हे!" फेट्याच्या आतून आवाज आला.

त्या दिवशी ओढ्याकाठी दोन्ही फौजा एकाच पंगतीला बसल्या. तानूबाई मुलगा आणि जावई यांच्यामध्ये बसली. घास तोंडाशी नेता नेता तिला रडू फुटलं, आणि दोघं तिला "अगं, जेव की!" म्हणत राहिले.

पुढे रीत थोडी बदलली. लढाईचं कारण राजानंच डफ घेऊन मोठ्यानं सांगायचं, असं ठरलं. तो डफ अजून खुंटीवरच आहे म्हणतात.

बोध: जे कारण चारचौघांत मोठ्यानं सांगता येत नाही, त्यासाठी कुणाचा जीव मागू नये.