पोसलेला

“‘ॲलम्नाय’ हे अनेकवचन ना, फादर? मग निमंत्रणपत्रिकेवर माझ्या एकट्याच्या नावापुढे ते कसं छापलं?”

बावतीस मच्याडो पत्रिका नाचवत विचारत होता. वसईच्या या बोर्डिंगात तो वाढला, फादर इनासांच्या हाताखाली लॅटिन शिकला आणि आता परदेशात तीच भाषा शिकवत होता. उद्याच्या समारंभाचा मुख्य पाहुणा तोच. सव्वीस वर्षांनी आला होता.

नव्वदीला टेकलेल्या फादरांनी मान वर केली.

“एकट्याला काय म्हणायचं?”

“ॲलम्नस.”

“म्हणजे?”

“माजी विद्यार्थी.”

“ते इंग्रजीत. लॅटिनमध्ये?”

बावतीसला हसू आलं. म्हातारा अजून परीक्षा घेतोय!

“‘आलेरे’ म्हणजे भरवणं, पोसणं. त्यावरून ‘आलुम्नुस’. दुसऱ्याच्या पोटचं, पण आपण वाढवलेलं लेकरू. रोमन थडग्यांवर हा शब्द पुष्कळदा दिसतो. पोसणारं माणूस गेलं की ते लेकरू दगड उभारायचं, आणि खाली स्वतःच्या नावापुढे कोरायचं, ‘आलुम्नुस’...”

तो अडखळला.

तीन वर्षांचा असताना कुणीतरी त्याला बोर्डिंगच्या फाटकाशी सोडून गेलं होतं. स्वयंपाकघरातल्या सांतानमावशीनं त्याला उचललं, स्वतःच्या ताटात जेवू घातलं.

“फादर... मावशी कुठे आहे?”

फादर काठी घेऊन उठले आणि देवळामागच्या दफनभूमीकडे चालू लागले. बावतीस मागोमाग गेला.

कुंपणाशी एक लाकडी क्रूस होता. त्यावर नाव नव्हतं.

“कधी?”

“दोन वर्षं झाली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी.”

“मला कळवलं का नाहीत?”

“तीन पत्रं टाकली. दोन ती आजारी असताना.”

बावतीसला पत्रं आठवली. पाकिटावरचा बोर्डिंगचा शिक्का बघून त्यानं ती न फोडताच खणात टाकली होती. सवड झाली की वाचू म्हणून.

तो मातीतच बसला.

“काही म्हणाली होती?”

“तुझं नाव घ्यायची. दुसरं काही नाही.”

क्रूसावरून हात फिरवत तो म्हणाला, “मी इथं दगड बसवतो, फादर. संगमरवरी. त्यावर लॅटिनमध्ये कोरून घेतो...”

“तिला अक्षरओळख नव्हती, बावतीस.”

पत्रिका कधीच हातातून गळून पडली होती. बावतीस दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडू लागला.

“मग मी आता काय करू, फादर? सांगा ना... काय करू?”

फादरांनी काठी क्रूसाला टेकवली. मोठ्या कष्टानं खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“सकाळपासून काही खाल्लंयस का, बाळा?”