बोरटेकचे उपवास

दुष्काळात संस्थानचे दिवाण उपाशी माणसं मोजायला बोरटेक गावात आले. घरोघरी बायका लाजेखातर म्हणाल्या, "आज उपवास आहे."

दिवाण हसून कारकुनाला म्हणाले, "गाव भलतंच धार्मिक दिसतंय. लिहा, उपाशी कोणी नाही."

तेव्हा कोंडाबाई सुतारीण पुढे आली. "सरकार, उपवास कधीतरी सोडावा लागतो. तो सोडायला आमच्या घरांत काय आहे, तेवढं बघा. काही सापडलं तर उपवास लिहा, नाही तर उपासमार."

दिवाणांनी चार घरांतली मडकी पाहिली. एकातही दाणा नव्हता. त्यांनी कागद फाडला आणि आठवड्यात धान्य पाठवलं.

लोक कोंडाबाईचं कौतुक करू लागले, पण तिला रडू आवरेना. "महिन्यापूर्वी कारकून आला, तेव्हा मीही उपवासच सांगितला," ती म्हणाली. "तेव्हाच बोलले असते, तर सासूबाई आज असत्या."