वाडीत आणलेला ओढा

एका गावाला एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे एक वाडी होती. पंचायतीचा नियम जुना होता. मतदानाच्या प्रभागाची हद्द ओढ्यावरूनच जायची, कुणाच्या मर्जीवरून नाही. त्यामुळे अख्खी वाडी एकाच प्रभागात राहायची आणि वाडीचा एक सदस्य हमखास निवडून यायचा. त्या साली ती अंजिराबाई होती. वाडीतली अठरा मुलांची शाळा बंद करायचं सरपंच दौलतरावांच्या मनात होतं. अंजिराबाई पंचायतीत होती, म्हणून शाळा टिकून होती.

नियम काही दौलतरावांना मोडता येईना. मग त्यांनी ओढाच वळवायचं ठरवलं. वाडीत येऊन म्हणाले, की बायाबापड्यांनी किती लांबून पाणी आणायचं. तुम्ही श्रमदान करा, ओढा वाडीच्या मधून नेऊ. वाडी हरखली.

अंजिराबाईने मात्र त्याच दुपारी बायकांना सांगितलं, "ओढा हलला की हद्द हलेल. वाडीची दोन शकलं होतील. आपलं माणूस पंचायतीत राहणार नाही."

शेजारची कोंडाबाई म्हणाली, "आपलं माणूस म्हणजे तूच ना, अक्का? तुझी खुर्ची राहावी म्हणून आम्ही जन्मभर हंडे वाहायचे होय?"

बायका हसल्या. अंजिराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुन्हा त्यावर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी घमेलं तिनेच उचललं.

चर खणून झाला, पाणी आलं. बायकांनी हळदकुंकू वाहून ओढ्याची ओटी भरली.

वर्षाने निवडणूक आली. वाडीची अलीकडची निम्मी घरं गावाच्या प्रभागात गेली. पलीकडची दौलतरावांच्या मळ्यातल्या वस्तीला जोडली. दोन्हीकडे वाडीची मतं कमी पडणार होती. वाडीने हरकत घेतली. अधिकारी आले, काठाकाठाने चालले, नकाशा पाहिला.

"हद्द ओढ्यावरूनच आहे. नियम कुठे मोडलाय?"

"साहेब, ओढा आधी इथे नव्हता," अंजिराबाई म्हणाली.

"मग इथे आणला कुणी?"

चर खणणारी सगळी माणसं तिथेच उभी होती.

अंजिराबाई निवडणुकीत पडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचं कुलूप उघडलंच नाही. मोठी मुलं गावात जाऊ लागली, धाकटी घरीच राहिली. कोंडाबाईची नात त्यांतलीच. एक दिवस कोंडाबाई तिला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "अक्का, तुला कळत होतं, तर तेव्हा ठासून का नाही बोललीस?"

अंजिराबाईने हात पुढे करून नातीला आपल्या कडेवर घेतलं.

तात्पर्य: चारचौघी स्वार्थी म्हणतील या लाजेने खरं गिळू नये, त्याने सगळ्यांचंच नुकसान होतं. देव सुबुद्धी देतो. ती दुसऱ्यांदा बोलून दाखवायचं धैर्य आपलं आपण करावं.