गढूळ पाझर

"...पण बाबा, पाझर गढूळ झाला म्हणजे बांध फुटतोच, असं थोडंच आहे?"

दस्तगीरबाबा चहा गाळत होते.

विचारणारा होता इंद्रजित सरनोबत. उंबरखोरीच्या वरच्या अंगाला त्याची जमीन होती. तिथला ओढा अडवून त्याने स्वतःचा मातीचा बांध घातला होता. मागे तळं साठलं. तळ्यात रंगीत होड्या आल्या, काठावर लाकडी खोल्या उभ्या राहिल्या, शहरातली माणसं सुट्टीला येऊ लागली.

बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाकाठाने, उंबरखोरी वाडीची घरं. आणि बांधाला सगळ्यांत जवळ या फकिराची झोपडी.

इंद्रजित दर गुरुवारी बाबांपाशी येऊन बसायचा. आज गुरुवार नव्हता.

"बांध घातला तेव्हा इंजिनिअर काय म्हणाले होते?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, मातीचा बांध थोडा पाझरणारच. पाणी नितळ आहे तोवर काळजी नाही."

"आणि गढूळ आलं तर?"

इंद्रजितने कपाळावरचं पाणी पुसलं. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

"तर... आतली माती वाहून चाललीय."

"मग त्यांनाच विचार."

"फोन लागत नाही. पूलही पाण्याखाली गेलाय."

"मी इंजिनिअर नाही, बेटा."

"तुम्ही फक्त म्हणा, काही होणार नाही. तुमच्या तोंडून ऐकलं की माझ्या छातीतली ही धडधड थांबेल."

बाबांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तळं रिकामं कर."

"कसं करू? पाणी सोडायचं तर आधी वाडी उठवावी लागेल. म्हातारी माणसं, गुरं, बाळंतीण... एवढ्या पावसात. आणि उद्या काहीच झालं नाही तर? नारळ फोडला त्या दिवशी मी साऱ्या वाडीसमोर बोललो होतो, बाबा. सरनोबतांचा बांध आहे, खुशाल झोपा."

बाबांनी कोपऱ्यातलं घोंगडं खांद्यावर टाकलं.

"चल."

"कुठं?"

बाबा निघालेसुद्धा.

बांधाच्या पायथ्याशी गवत आडवं झालं होतं. त्यातून तांबडं पाणी येत होतं. सकाळी ती करंगळीएवढी धार होती. आता मनगटाएवढी झाली होती. इंद्रजितने एकदा वर पाहिलं. त्या ओल्या मातीच्या भिंतीमागे सगळं तळं उभं होतं.

बाबांनी धारेच्या बाजूलाच घोंगडं अंथरलं आणि त्यावर आडवे झाले.

"बाबा, हे काय?"

"झोपतोय. तूच म्हणालास ना, खुशाल झोपा."

तांबडं पाणी घोंगड्याखाली शिरलं. बाबांची पांढरी बाही रंगली. त्यांनी डोळे मिटले.

"ये. बाजूला जागा आहे."

इंद्रजितने एक गुडघा टेकला. तोल सावरायला हात जमिनीवर ठेवला, तर हात मनगटापर्यंत आत गेला. खाली माती नव्हतीच. तिथं काहीतरी थंड, सैल, हळूहळू सरकत होतं...

त्याने हात ओढून घेतला.

"उठा बाबा! उठा इथून!"

"का?"

"बांध..."

"काय झालं बांधाला?"

"फुटेल!"

बाबांनी डोळे उघडले.

"मोठ्यानं बोल. वाडी लांब आहे."

इंद्रजित धावला. चिखलात दोनदा पडला. पहिलं दार धोंडाबाईंचं होतं. आत त्यांची सून ओली बाळंतीण होती.

"तुमचाच न्हवं का बांध?" धोंडाबाई म्हणाल्या. "तुमीच तर म्हनला हुता..."

"म्हणालो होतो. चुकलो मी. उठा, बाळाला घ्या, टेकडीवर चला!"

घरोघर तो हेच ओरडत गेला. शेवटी आवाज बसला, तेव्हा थाळी बडवत गेला. माणसं शिव्या देत, रडत, पोरंबाळं नि गुरं घेऊन टेकडीवरच्या शाळेत चढली. सगळ्यांत शेवटी बाबा आले, कुणाची तरी विसरलेली शेळी काखेत घेऊन.

मग इंद्रजितने बांधावरचं चाक फिरवलं. खालची झडप उघडली. पाणी गर्जत ओढ्यात कोसळलं आणि काठच्या अंगणांत शिरलं. टेकडीवर सगळे बांधाकडे बघत उभे होते. मधूनच बाळ रडत होतं.

बांध फुटला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस ओसरला. तळ्याच्या जागी चिखल उरला आणि चिखलात कलंडलेल्या होड्या. लोक टोपल्या घेऊन मासे वेचायला उतरले. मग आपापल्या घरी गेले, ओलं धान्य वाळत घातलं, आणि हसू लागले.

इंद्रजित पुन्हा बाबांच्या झोपडीत आला. उभाच राहिला.

"बाबा, बांध जसाच्या तसा उभा आहे."

"पाहिला."

"माझं तळं गेलं. हंगाम गेला. लोकांचं धान्य भिजलं, ते निराळंच. आणि सगळी वाडी मला हसते. पोरं थाळी बडवत 'फुटला, फुटला' करत पळतात. पारावर म्हातारे माझी नक्कल करतात. मी घाबरलो ते उगाचच ना, बाबा?"

बाबा सुई-दोरा घेऊन फाटकी बाही शिवत होते. हात थांबला.

"कोण कोण हसतं?"

"सगळेच."

"धोंडाबाई?"

"त्या तर सगळ्यांत जास्त."

"तिची सून?"

"तीही हसते. बाळाला मांडीवर घेऊन, तोंडाला पदर लावून..."

बाबांनी सुई बाजूला ठेवली. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"नीट आठवून सांग, बेटा. सगळे हसतात ना? हसायला एकही कमी नाही?"