बाबलो चिताऱ्याचं शेवटचं चित्र

फार वर्षांपूर्वी, कोंडवेळच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा, गावात बाबलो नावाचा चितारी होता. भात लावताना बायका शेवंती आणि हरबो नावाड्याचं गाणं म्हणायच्या. दोघं होडीतून पळाली, होडी उलटली, नदीनं त्यांना पोटात घेतलं, असं ते गाणं. बाबलोनं त्याची चित्रं काढली. देवळापुढच्या मांडावर तो एकेक चित्र उघडून दाखवी आणि लोक डोळे पुसत. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं, असं म्हणतात.

पण शेवटचं चित्र काही वाळेना. त्यात नुसता पूर होता आणि रिकामा काठ. सात वेळा त्यानं तो काठ नव्यानं रंगवला, कागद चुलीवर शेकला, तरी काठाला बोट लावलं की रंग बोटाला येई.

बाबलोला कारण ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. होडी उलटली त्या दिवशी काठ रिकामा नव्हता. अख्खा गाव तिथे उभा होता. गाण्यात त्याचा उल्लेखच नाही. बाबलोच्या तर हातात दोर होता. "दोर टाकलंस तर गावाक मुकशील," असं शेवंतीचा बाप म्हणाला, आणि बाबलोनं दोर टाकला नाही.

आठव्या वेळी त्यानं काठावर स्वतःला काढलं, हातात दोर धरलेला. तेवढी जागा बघता बघता वाळली, असं म्हणतात.

मांडावर ते चित्र उघडलं तेव्हा लोक खवळले. "आमका कित्याक उघड्यार घालतस?"

"मी फक्त माझाच तोंड काढलंय," बाबलो म्हणाला.

मग शेवंतीची आई उठली. "माका पण काढ. मी थंयच होतंय."

तिच्यामागून एकेक जण पुढे आला. बाबलोनं सगळ्यांना काढलं. शेवंतीचा बाप तेवढा उठला नाही. चित्रातली त्याची जागा तशीच रिकामी, ओली राहिली.

अजूनही कोंडवेळच्या जत्रेत ते चित्र निघतं आणि गाणं थांबतं. प्रत्येक घरातलं एक माणूस पुढे येऊन आपल्या पूर्वजाच्या चेहऱ्यावर बोट ठेवतं, त्याचं नाव घेतं आणि म्हणतं, "हो थंय होतो." म्हणजे, हा तिथे होता. बापाची जागा मात्र अजून ओली आहे, असं म्हणतात.

म्हणतात कशाला, मी हात लावून पाहिलंय. शेवंतीच्या बापाचं घर ते आमचंच. दरवर्षी आमचं माणूस पुढे जातं आणि मान खाली घालून परत येतं. गेल्या वर्षी मी गेलो. ओल्या जागेवर बोट टेकवलं आणि नाव न घेताच परत आलो.

आज तुमच्यापुढे सांगतो. त्याचं नाव दाजी खोत. हो थंय होतो.