मोराचा ठराव

जंगलाला कुंपण नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाणवठ्यावर सभा भरली आणि मोराने ठराव मांडला, की यापुढे जंगलाचा सगळा कारभार मोराच्याच बोलीत चालेल. चितळांनी माना डोलावल्या.

झाडावर बसलेल्या साळू वानरीला ते पटेना. "तुझी बोली मी हौसेने शिकेन," ती म्हणाली, "पण माझी सोडायची नाही."

"अगं, सगळ्यांची बोली एक नसेल, तर एकाचं दुसऱ्याला कळणार कसं?" मोराने विचारलं.

तेवढ्यात गवतात पिवळे पट्टे हलले. साळू आपल्या बोलीत खक् खक् ओरडली. चितळं उधळली, आणि मोर उडाला तो थेट तिच्याच फांदीवर येऊन बसला.

वाघ हात हलवत परत गेला. साळूने सरकून मोराला नीट जागा करून दिली.

"आता सांग," ती म्हणाली, "तुला कसं कळलं?"